काकांना मत कसं बदलू द्यावं?

नौपाड्यातली आमची जुनी सोसायटी. गच्चीवर सोलर नको म्हणून २०२२च्या सभेत अध्यक्ष काकांनी रान उठवलं होतं: 'पावसाळ्यात चार महिने नुसती शोभा!' आता जिन्यात भेटले की हळूच विचारतात, लिफ्टचं बिल कितीनं उतरेल रे? सभेत मात्र गप्प. त्यांचा मान राखून ठराव कसा आणू?

उत्तर १:
सोपंय. तेव्हा केंद्राची गच्चीवरच्या सोलरसाठीची सूर्यघर योजना नव्हती, ती फेब्रुवारी २०२४ची. सामाईक विजेसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान. 'परिस्थिती बदलली' म्हणा आणि काकांनाच सूचक करा.

उत्तर २:
ही पळवाट झाली. काकांचा मुद्दा पैशाचा नव्हताच, पावसाचा होता. नेट मीटरिंगमध्ये एप्रिल-मेची जादा वीज पावसाळ्यातल्या बिलात वळती होते, हे २०२२लाही खरंच होतं. तेवढं स्पष्ट बोलू दे त्यांना. आइन्स्टाइननंही चूक मान्य केलीच की: विश्व स्थिर आहे असं धरून १९१७ साली समीकरणात घातलेला स्थिरांक विश्व प्रसरण पावतंय हे दिसल्यावर १९३१मध्ये काढून टाकला. (अर्थात त्याला सोसायटीच्या सभेत उभं राहायचं नव्हतं!)

विचारणारा:
हाहा, खरंय. रविवारी काकांकडे वीजबिलं घेऊन जातो. अनुदानाचं नंतर काढेन.