जुन्या हेडलाइटच्या आतली धूळ आणि दव : तुमचं काय झालं?

सांजदिवा
काल पावसात सिग्नलला थांबले होते. शेजारच्या जुन्या गाडीच्या एका दिव्यात आतून नुसते थेंब, उजेड ओघळल्यासारखा. एकदम बाबांची गाडी डोळ्यांपुढे आली. तिचा डावा दिवा असाच भरायचा. एकदा त्यांनी बल्ब काढून आतल्या चकचकीत वाटीवरची धूळ चिंधीने पुसली, तर चिंधीबरोबर चकाकीच निघून आली. खाली काळं प्लास्टिक. त्या वाटीवर अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, तो घासायचा नसतोच, हे मला फार उशिरा कळलं. बाबा मग रात्री गाडी काढायचंच टाळू लागले. आता माझ्या १३ वर्षांच्या गाडीच्या उजव्या दिव्यातही धूळ दिसतेय. कुणी आतून साफ केलंय का? लिहा प्लीज.

रानवाट
मॅग्नेट. मायक्रोफायबरच्या तुकड्यात शिवून टाकायचं, दोरा बांधायचा (दोरा हवाच, नाहीतर आत पडलं की संपलं), बल्बच्या भोकातून आत सोडायचं. बाहेरून काचेवर दुसरं मॅग्नेट, तेही फडक्यात. बाहेरचं फिरवलं की आतलं मागोमाग येतं. आतल्या फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसंच. वाटीकडे अजिबात न्यायचं नाही. बाळ उठलं, बाकीचं नंतर

खडूफळा
बाबांचं वाचून वाईट वाटलं गं. आमच्या काकांनी नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं होतं. आपण काच म्हणतो, पण असतं पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्लास्टिकच. त्यातलं अॅसिटोन लागलं आणि बारीक तड्यांचं जाळं झालं, अख्खा दिवा बदलावा लागला.

निवांत
पुसण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. दिवा हवाबंद नसतो. पेटला की आतली हवा तापून बाहेर जाते, विझला की थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्यासाठी मागे छोटी श्वासनळी किंवा जाळी ठेवलेली असते. धुतल्यावर कोपऱ्यात हलकं धुकं आलं आणि दिवे लावल्यावर थोड्या वेळात गेलं तर काळजी नको. तळाशी पाणी साचत असेल तर मात्र गळती आहे. बहुतेक वेळा मागचं रबरी झाकण कडक होऊन चिरलेलं असतं. मी एकदा सिलिकॉन लावून सगळं बुजवलं, श्वासनळीसकट. दव कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कारण आतल्या ओलीला वाटच उरली नाही. सगळं खरवडून काढायला दोन रविवार गेले.

कवडसा
माझ्याकडे हॅलोजन काढून एलईडी लावल्यापासून दव आणि धूळ सुरू झालं. हॅलोजनची उष्णता पुढे काचेवर पडते, एलईडीची मागे पंख्याकडे जाते, म्हणून काच गारच राहते. शिवाय एलईडीचं शेपूट लांब, मागचं झाकण बसेना, लावणाऱ्याने तसंच उघडं सोडलं. धूळ तिथूनच. परत हॅलोजन लावला, झाकण बसवलं, तेव्हापासून कोरडं आहे.

खडूफळा
आणि काच बाहेरून पिवळी झालीय ती? टूथपेस्टने जाते म्हणतात

निवांत
ते वेगळं दुखणं. उन्हापासून वाचवणारा बाहेरचा थर गेलेला असतो. टूथपेस्टने थोडे दिवस उजळते, नवा थर दिला नाही तर पुन्हा पिवळी.

मातीचूल
ओव्हनमध्ये तापवून काच सोडवतात तसं कुणी केलंय?

कवडसा
भावाने केलंय. जुन्या दिव्यांत ब्यूटाइलचा चिकट पट्टा असतो, गरम केला की सुटतो. नंतर जुना पट्टा पूर्ण काढून नवा भरावा लागतो. काही दिवे कायमचे चिकटवलेले असतात, ते ओढले की तुटतात. वाटीवरची धूळ त्याने मऊ ब्रशने नुसती झटकली. गाडीतून दिवा सुटत असेल आणि आत उजेड वर-खाली करणारी मोटर नसेल तर डिस्टिल्ड वॉटर घालून हलवून ओतायचं, साध्या पाण्याचे डाग राहतात. मग भोकं उघडी ठेवून २ दिवस वाळवायचं.

रानवाट
आले. राहिलंच होतं, हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे जास्त तापतो आणि लवकर जातो.

मातीचूल
बाळ केवढं आता?

रानवाट
७ महिने. धरून उभं राहायला बघतंय, त्यामुळे मॅग्नेट वरच्या फळीवर, गिळायची भीती

सांजदिवा
आत्ता मागचं झाकण काढलं. रबर चिरलंय, बोट जाईल एवढं. नवीन मागवते. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले, वाटीला हात लावू नकोस.