हसायचं कुणावर, ते ठरवा
वरच्या प्रतिसादात म्हटलंय की सीरियल किलरवर विनोदी सिनेमा काढणं म्हणजे मेलेल्यांची थट्टा. मला ते अर्धंच पटतं. खुन्याचा माज आणि त्याला भुलणारे आपण, यावर काळा विनोद जरूर व्हावा. बळींवर मात्र कधीच नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना हा फरक लगेच कळतो. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली १९९६ मध्ये पकडल्या गेल्या, तेव्हा मी तिसरीत होतो. लहान मुलं पळवायची, कडेवर घेऊन गर्दीत पाकिटं मारायची, पोर नकोसं झालं की संपवायचं. लेकुरवाळ्या बाईवर संशय कोण घेणार? एकदा चोरी अंगाशी आली, तर लोकांचं लक्ष वळवायला कडेवरचं मूल जमिनीवर आपटलं. त्या वर्षी अंबाबाईच्या रांगेत आईनं माझं मनगट इतकं आवळून धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. अंजनाबाईच्या दोन्ही मुलींना इथल्याच सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली. दयेच्या अर्जांना झालेल्या उशिरामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं त्या फाशीची जन्मठेप केली.

सिनेमावाल्यांनी त्या उशिरावर हवं तेवढं हसवावं. त्या पोरांच्या वाट्याला मात्र एकही विनोद नको.