दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून गणपतीपुळे : सात जणांसाठी भाड्याची गाडी कशी ठरवावी?

इंदिरानगरकर

नमस्कार. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण गणपतीपुळ्याला जाण्याच्या विचारात आहोत. आई-वडील, आत्या, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले असा परिवार आहे. सहल पाच दिवसांची आहे. जाण्या-येण्याचे दोन दिवस सोडले तर मधले तीन दिवस मुक्काम एकाच ठिकाणी असेल आणि तेथून पावस, रत्नागिरी व जयगड एवढेच फिरणे होईल. घरची गाडी पाच जणांची असल्यामुळे ती उपयोगाची नाही.

आतापर्यंत तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्याने अर्टिगासाठी किलोमीटरला १६ रुपये सांगितले आणि गाडी सेव्हन सीटर असल्यामुळे आपले काम होईल, असे म्हटले. दुसऱ्याने इनोव्हा क्रिस्टासाठी २० रुपये सांगितले. तिसऱ्याने त्याच गाडीचे टोल आणि चालकाचा भत्ता धरून ३६ हजार रुपये एकरकमी मागितले, जे ऐकून वडिलांनी विषयच बंद केला. याशिवाय सेल्फ ड्राइव्हची एक सातआसनी गाडी दिवसाच्या भाड्याने मिळते आहे, म्हणजे मी स्वतः चालवायची. एक शेजारी त्यांच्या मेहुण्यांची घरगुती गाडी चालकासह स्वस्तात मिळवून देतो म्हणत आहेत.

यांपैकी किफायतशीर काय पडेल आणि ठरवताना कोणत्या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

द्वारका सर्कल

किलोमीटरचा दर हा या व्यवहारातला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरगावच्या भाड्यात खरा पैसा रोजच्या किमान रनिंगमध्ये जातो. नाशिकमध्ये बहुतेक गाडीमालक दिवसाला ३०० किलोमीटर धरतात. काही जण २५० वर तयार होतात. गाडी त्यापेक्षा कमी चालली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात.

आता आपल्या सहलीचा हिशेब करून पाहू. नाशिकहून गणपतीपुळे पनवेल-महाड-चिपळूणमार्गे एका बाजूने साधारण साडेचारशे किलोमीटर धरावे. जाऊन-येऊन ९०० आणि तीन दिवसांचे स्थानिक फिरणे फार तर २०० धरले, तर गाडी प्रत्यक्षात ११०० किलोमीटर चालेल आणि २० रुपये दराने त्याचे २२ हजार होतील. परंतु पाच दिवसांचे किमान रनिंग १५०० होते, म्हणजे बिल ३० हजारांचे येईल. हा झाला सरळ हिशेब, ज्यात पाचही दिवसांचे किलोमीटर एकत्र मोजून सरासरी काढली जाते.

काही मालक मात्र प्रत्येक दिवस वेगळा मोजतात. त्यांच्या हिशेबात जाण्याच्या दिवसाचे ४५०, मुक्कामाच्या तीन दिवसांचे प्रत्येकी ३००, आणि परतीचे ४५० असे १८०० किलोमीटर होतात, म्हणजे ३६ हजार रुपये. गाडी तीच, रस्ता तोच आणि दरही तोच असून सहा हजारांचा फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीने पडतो. फोनवर कोणीही ही गोष्ट आपणहून सांगत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की किमान रनिंग एकूण दिवसांवर धरणार की रोजच्या रोज, आणि त्याचे उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागावे.

मूळ भाड्यावर चालकाचा भत्ता वेगळा असतो. तो दिवसाला ५०० धरला तर पाच दिवसांचे अडीच हजार होतात. पक्के बिल घेतल्यास पाच टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी दीड हजाराच्या आसपास. टोल आणि पार्किंग त्याहून निराळे. हे सगळे ३० हजारांत मिळवले की आपला दुसरा गाडीवाला तिसऱ्याच्या जवळजवळ शेजारी जाऊन बसतो. त्यामुळे ३६ हजारांचे ऐकून विषय बंद करण्याचे कारण नाही. उलट त्या रकमेत किती किलोमीटर धरले आहेत, त्यापुढे काय दर लागेल आणि बिलावर जीएसटी वेगळा येणार का, एवढे तीन प्रश्न विचारून त्याच्याशी पुन्हा बोलावे. १२०० किलोमीटरपर्यंत मर्यादा असेल तर तो व्यवहार वाईट नाही.

किलोमीटर कोठून मोजणार, हेही विचारावे. आपल्याकडे गॅरेज ते गॅरेज मोजण्याची पद्धत आहे. गाडी ओझरहून इंदिरानगरला येणार असेल तर तिची ये-जा दोन्ही वेळा आपल्या खात्यावर पडते. शक्यतो आपल्या भागातलीच गाडी पाहावी. निघताना आणि उतरताना मीटरचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यात संशयाचा भाग नाही, चांगले चालक स्वतःच तसे सुचवतात.

गाडी सोडून परत येईल आणि शेवटच्या दिवशी न्यायला येईल, असाही एक पर्याय लोक सुचवतात. मुंबई विमानतळ किंवा पुणे असेल तर परतीची सवारी मिळण्याची शक्यता असल्यामुळे तो परवडतो. गणपतीपुळ्याहून नाशिकची सवारी कोण देणार? दोन्ही खेपांची रिकामी फेरी आपल्यालाच भरावी लागेल आणि हिशेब पुन्हा १८०० किलोमीटरवर येईल.

देवळाली कॅम्प

वरील हिशेब उत्तम आहे, पण त्याआधीचा मुद्दा राहून गेला. अर्टिगाच्या सात आसनांत चालकाचे आसन धरलेले असते, त्यामुळे चालक घेतला तर प्रवासी सहाच बसतील. आपण सात आहात. मुलांना मांडीवर घेऊन साडेचारशे किलोमीटर आणि घाटातले वळणाचे रस्ते पार करणे त्रासाचे आहे, शिवाय नियमबाह्यही आहे. म्हणून १६ रुपयांचा दर आपल्यापुरता बाद समजावा. चालकासह गाडी हवी असेल तर आठ आसनांची क्रिस्टा असे स्पष्ट सांगावे, कारण क्रिस्टा सात आणि आठ अशा दोन्ही प्रकारांत येते आणि सात आसनांच्या गाडीत मधल्या रांगेत दोनच स्वतंत्र खुर्च्या असतात. ज्येष्ठांना त्या फार सोयीच्या वाटतात, हे खरे. पण आपल्याला एक जागा कमी पडेल.

सामानाचेही आधीच ठरवावे. मागची रांग उघडी ठेवली की कोणत्याही सातआसनी गाडीत डिकीला फारसा अर्थ उरत नाही, आणि सीएनजीच्या अर्टिगात तर सिलिंडरने उरलीसुरली जागाही घेतलेली असते. टपावर कॅरिअर आहे का, ताडपत्री आणि दोर मिळेल का, हे विचारावे. कोकणात दिवाळीच्या आसपासही परतीच्या पावसाची एखादी सर येऊ शकते. घाटात एसी चालू राहील ना, हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वडीलधारी मंडळी बरोबर असताना तो विचारावाच.

सेल्फ ड्राइव्हमध्ये सातही जण कसेबसे बसतील, परंतु आपण एकटेच चालवणार असाल तर सलग दहा-बारा तासांचा भार एका माणसावर येतो. शिवाय अनामत रक्कम, रोजची किलोमीटर मर्यादा, इंधनाची पातळी आणि अपघात झाल्यास आपल्या खिशातून जाणारी रक्कम या चार गोष्टी करारात वाचल्याशिवाय भाडे स्वस्त म्हणता येत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांसह, चित्रफीत काढावी. माझ्या मते आपल्या परिवारासाठी हा पर्याय योग्य नाही.

सातपूर एमआयडीसी

शेजाऱ्यांच्या मेहुण्यांच्या गाडीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ती गाडी पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांची असेल, म्हणजे खासगी असेल, तर ती भाड्याने नेऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने प्रवासी नेण्यासाठी परमिट लागते आणि ते नसल्यास कलम १९२-अ खाली दहा हजारांचा दंड तर होतोच, पण कैदेचीही तरतूद आहे. दंड मालकाला होईल, आपल्याला नाही, असे म्हणता येईल. परंतु गाडी रस्त्यात अडवून ठेवली तर आई-वडील आणि मुलांसह महामार्गावर उभे राहायची वेळ आपल्यावरच येईल.

त्याहून गंभीर बाब विम्याची आहे. खासगी गाडीच्या विम्यातून भाड्याचा वापर वगळलेला असतो, आणि अपघातानंतर भाडे घेतल्याचे सिद्ध झाले तर कंपनी दावा नाकारू शकते. चार-पाच हजार वाचवण्यासाठी ही जोखीम घेणे मला अजिबात पटत नाही.

चालकासह भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. सेल्फ ड्राइव्हच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. सेल्फ ड्राइव्हचा परवाना ज्या योजनेखाली मिळतो, त्या १९८९ च्या रेंट अ कॅब योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असण्याची अट आहे. त्यामुळे गल्लीत चार गाड्या ठेवून किल्ली हातात देणाऱ्याकडे कागद मागून पाहावेत.

इसार देण्यापूर्वी गाडीचा क्रमांक मागून घ्यावा आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर फिटनेस, विमा व पीयूसीची मुदत तपासावी. क्रमांक आधी ठरला की ऐन वेळी दुसरीच जुनाट गाडी दारात उभी राहण्याचा प्रकारही टळतो. टोलबाबत एक खुलासा: ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास केवळ खासगी गाड्यांसाठी आहे, तेव्हा घरच्या गाडीचा पास असला तरी भाड्याच्या गाडीचा टोल कमी होणार नाही.

नाशिक रोडचा प्रवासी

माझी सूचना थोडी वेगळी आहे. गाडी तीन दिवस समुद्रकिनारी उभी ठेवण्याचे पैसे देण्यापेक्षा नाशिकहून गाडीच न नेणे कसे वाटते? निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिक रोडला थांबते आणि कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेने रत्नागिरीला जाते. गाडी बदलावी लागत नाही. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे फार लांब नाही, आणि त्या प्रवासासाठी रत्नागिरीतच गाडी ठरवता येते.

स्थानिक फिरण्यासाठी बहुतेक ठिकाणी आठ तास ८० किलोमीटर असा दर असतो. जयगडचा दिवस त्यात आरामात बसतो, रत्नागिरी-पावसच्या दिवशी थोडे जास्त किलोमीटर होतील. एक दिवस गाडीशिवाय समुद्रावर घालवला तर त्या दिवसाचे भाडेही नाही आणि चालकाच्या मुक्कामाची काळजीही नाही. हिशेब उघड आहे: सात तिकिटे, दोन दिवसांची स्थानिक गाडी आणि स्थानकावरून ये-जा, हे सगळे मिळून ३० हजारांच्या बऱ्याच खाली राहते.

अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीच्या दिवसांत सात शायिका एकत्र मिळणे कठीण असते. म्हणून आरक्षण उघडेल त्या सकाळीच प्रयत्न करावा आणि पावसाळी वेळापत्रक संपल्यानंतरच्या वेळा पाहाव्यात. न जमल्यास क्रिस्टा आहेच.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांना नम्रपणे नकार कळवला आहे आणि सेल्फ ड्राइव्हचा विचारही सोडून दिला. रेल्वेचा पर्याय घरात सर्वांना आवडला, परंतु आईला गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे फलाटावरचे जिने आणि सामान यांची धास्ती वाटते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तयारी ठेवतो आहोत. तिसऱ्या गाडीवाल्याशी पुन्हा बोललो. ३६ हजारांत १२०० किलोमीटर धरले आहेत, त्यापुढे २० रुपये, आणि जीएसटी त्यातच आहे, असे त्याने लेखी कळवले.

आता एकच शंका उरली आहे. मुले झोपेत असतानाच बराच रस्ता पार व्हावा म्हणून भाऊबिजेच्या रात्री अकराला निघावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. ते योग्य होईल का?

द्वारका सर्कल

लेखी कळवले असेल तर व्यवहार चांगला आहे; त्याच संदेशाखाली गाडीचा क्रमांक आणि आठ आसने एवढे लिहून घ्यावे.

रात्री अकराला निघू नये. बहुतेक गाडीमालक दिवस तारखेप्रमाणे मोजतात, म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. आपण अकराला निघालात तर त्या एका तासाचा पूर्ण दिवस धरला जाईल, पाचाचे सहा दिवस होतील, आणि एकरकमी ठरले असले तरी तो वाढीव दिवसाचे पैसे मागेल. दिवाळीच्या दिवसांत तो चालक आदल्या दिवशी शिर्डी किंवा त्र्यंबकची सवारी करून आलेला असण्याचीही शक्यता बरीच आहे, आणि झोप न झालेल्या माणसाच्या हाती रात्रीचा घाट देणे बरे नाही. पहाटे चारला निघावे. मुले तेव्हाही झोपेतच असतील, घोटी-इगतपुरी अंधारातच मागे पडेल, आणि सुट्टीची गर्दी रस्त्यावर येण्याआधी आपण पनवेल ओलांडलेले असेल. इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत समृद्धी महामार्गाने जायचे की कसारा घाटाने, हे चालकावर सोडू नये. एकरकमी भाड्यात टोल त्याच्या खिशातून जाणार असल्यामुळे तो घाटच सुचवेल. समृद्धीने जायचे हे आजच त्याच संदेशात लिहून घ्यावे.

परतीच्या दिवशी मात्र गणपतीपुळ्याहून सकाळी लवकर निघून रात्री बाराच्या आत घरी पोहोचण्याचा बेत ठेवावा, म्हणजे तिकडूनही सहावा दिवस लागणार नाही.