मदत हवी आहे: नापाचं बुकिंग, सेकंड फ्लोअर आणि बाबा

मुक्ता_फ्रीमाँट: बुकिंग करून बसलेय, पैसे परत मिळत नाहीत. खोली सेकंड फ्लोअरवर, लिफ्ट नाही. बाबांना जिने नकोत. लवकर सांगा, शुक्रवारी निघायचंय.

चहाबाज: कुठलं बुकिंग? जिने आवडत नाहीत की चढवत नाहीत?

मुक्ता_फ्रीमाँट: नापा, लिहिलंय की वर! कॅलिफोर्नियातलं वाइनचं गाव. १८९० च्या आसपासचं व्हिक्टोरियन घर, आता बी अँड बी, म्हणजे राहायला खोली आणि सकाळी नाश्ता. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. लग्नाची चाळीस वर्षं म्हणून सरप्राइज आहे.

जुना_सुतार: इथे तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, म्हणजे तुमची खोली आपल्या पहिल्या मजल्यावर. जिना एकच, पण या घरांतला एकच पुरतो. अरुंद, उभा, मध्ये वळण. आणि रस्त्यावरून पोर्चवर चढायच्या पायऱ्या वेगळ्या. फोटोत मोजा.

मुक्ता_फ्रीमाँट: सात!! ह्या दिसल्याच नव्हत्या.

कायदेपंडित: घाबरू नका, अपंगांसाठीचा कायदा आहे. त्यांना सोय करून द्यावीच लागेल.

जुना_सुतार: नाही हो. भाड्याच्या खोल्या पाचपर्यंत असतील आणि मालक तिथेच राहत असेल, तर त्या कायद्यातून सूट आहे. किती खोल्या?

मुक्ता_फ्रीमाँट: पाच. मालकीणबाई मागच्या बाजूला राहतात.

कायदेपंडित: तरी एक कडक ईमेल टाकाच.

द्राक्षवेल: त्यापेक्षा वाइन ट्रेन करा. नापा ते सेंट हेलेना आणि परत, तीन तास, बसल्या जागी जेवण.

मुक्ता_फ्रीमाँट: बाबा घेत नाहीत.

द्राक्षवेल: मग नापा कशाला?? नाशिकला गंगापूर धरणापाशी मळ्यात राहायचं की!

चहाबाज: अहो, ते फ्रीमाँटला आलेत. वाटेत नाशिक लागत नाही.

भूकंपग्रस्त: २४ ऑगस्ट २०१४ ला तिथे ६.० चा धक्का बसला होता, विटांची धुराडी कोसळली. जुन्या घरात झोपवू नका.

जुना_सुतार: विटांची, हेच म्हणतो. ही घरं बहुतेक रेडवुडची, लाकूड लवचिक. पाया नंतर पक्का केलाय का, तेवढं विचारा.

अन्नपूर्णा७: आई अंडं खातात का? नाश्त्याला किश देतात, त्यात अंडं असतंच.

सोनल_ताई: मुक्ता, ईमेल नको, फोन कर. सप्टेंबर म्हणजे द्राक्षतोडणी, शनिवार-रविवार सगळं फुल्ल असतं, पण खोल्यांची अदलाबदल करून देतात. माझ्या सासऱ्यांना पार्लरशेजारची, म्हणजे दिवाणखान्याशेजारची, खालची खोली दिली होती. मात्र न्हाणीघर बघून घे. चार पंजांवर उभा बिडाचा टब असतो, कड पार गुडघ्याच्या वर. सासरे आत गेले, बाहेर काढायला दोघं लागलो.

द्राक्षवेल: तिथून जवळच कॅलिस्टोगा गाव आहे, तिथे चिखलस्नान करवा, गुडघ्याला उत्तम!

सोनल_ताई: ऑपरेशन जूनमध्ये झालंय. डॉक्टरांना न विचारता नको.

मुक्ता_फ्रीमाँट: केला फोन! बाई गोड आहेत. खालची खोली देतायत, मागच्या दारी दोनच पायऱ्या. टबाचं विचारायचं राहिलं. परत लावते. आई अंडं खात नाही, तेही सांगते.