मदत हवी आहे : न्यूयॉर्कमध्ये रात्री हीट बंद, घरमालक दाद देत नाही

नमस्कार मंडळी,
क्वीन्समध्ये भाड्याने राहतो. रात्री रेडिएटर गार पडतो, पहाटे खोलीत 57 अंश फॅरनहाइट. बाळ आणि सासूबाई स्वेटर, कानटोपी घालून झोपतात. शहराच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर ते 31 मे रात्री घरात किमान 62 हवं. दिवसा बाहेर 55 च्या खाली गेलं की घरात 68. घरमालक म्हणतो, "स्पेस हीटर घ्या."

मला त्याचीच धास्ती आहे. जानेवारी 2022 मध्ये ब्राँक्समध्ये अशाच हीटरने आग लागली. घराचं दार आपोआप मिटलं नाही, धूर जिन्यात पसरला आणि 17 जण गेले, त्यात 8 मुलं. आमचंही दार ओढल्याशिवाय लागत नाही.

311 वर (शहराची तक्रार हेल्पलाइन) तक्रार केली, पण इन्स्पेक्टर यायच्या वेळेला नेमकी हीट सुरू! तापमानाची नोंद कशी ठेवली तर ग्राह्य धरतात? हाउसिंग कोर्टात कोणी 'एचपी अ‍ॅक्शन' (घरमालकाला दुरुस्ती करायला लावण्यासाठी भाडेकरूने केलेला दावा) केली आहे का? वकील लागतो का? दाराची तक्रार वेगळी करायची का?

तोवर हीटर थेट भिंतीच्या प्लगमध्ये, अंथरुणापासून तीन फूट लांब, झोपताना बंद. पण मग रात्री बाळाला ऊब कशी द्यायची? अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.