कोची पायी फिरायचंय, आईला घेऊन. कुठून सुरुवात करू?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईला घेऊन चार दिवस कोचीला जातेय. मुन्नार, हाउसबोट यावेळी मुद्दाम घेतलेलं नाही. आईचं वय ६६. सपाटीवर रोज तास-सव्वा तास आरामात चालते, पण गुडघ्यामुळे जिने आणि हलत्या बोटीत चढणं-उतरणं तिला जड जातं.

आम्हा दोघींना नव्या गावात गल्लीबोळांतून चालायला आवडतं. कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, दुकानांच्या पाट्या कशा आहेत, दुपारी कुठे सामसूम होते, असलं बघायचं असतं. गाडीतून पाच ठिकाणं दाखवून संध्याकाळी हॉटेलवर सोडतात तसली सहल नको.

नकाशावर कोची म्हणजे चार-पाच तुकडे दिसतात आणि सगळीकडे पाणी. राहायचं एर्नाकुलमला की फोर्ट कोचीत? पायी नक्की कुठला भाग करावा? आईच्या मानाने किती अंतर ठेवावं? कुणी खरंच चालून पाहिलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रवासी_पक्षी

आम्ही एर्नाकुलमला राहिलो होतो. स्टेशन जवळ, खायला भरपूर, संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या पाण्याकाठच्या पदपथावर छान फिरता येतं आणि मागच्या बाजूला ब्रॉडवेचा बाजार आहे. फोर्ट कोचीला एक दिवस जाऊन आलो, तेवढं पुरलं. चर्च, चिनी जाळी, सिनॅगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर), झालं.

गलबत

निळीशाई ताई, तुमचा प्रश्न वाचून वही काढून बसलो. माझी मुलगी दोन वर्षं कोचीत नोकरीला होती. त्या काळात मी तिच्याकडे चारदा जाऊन राहिलो. ती कामावर गेली की मी बोटीने पलीकडे जायचो आणि चालायचो. त्यामुळे प्रवासी_पक्षी यांच्याशी असहमत आहे. एका दिवसात ती ठिकाणं बघून होतात, पण त्यांच्यामधला रस्ता राहून जातो आणि कोची सगळं त्या रस्त्यात आहे.

राहायला फोर्ट कोचीच घ्या. पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळा तिथेच हव्यात.

आता तो रस्ता. फोर्ट कोचीच्या टोकाला चिनी जाळी आहेत. तिथून पाण्याच्या कडेकडेने निघालात की मट्टांचेरीच्या राजवाड्यापर्यंत अडीच-तीन किलोमीटर भरतात. एकच रस्ता, फक्त नाव बदलत जातं: आधी रिव्हर रोड, मग काल्वती रोड, मग बाजार रोड. सपाट आहे, चढ नाही. पण नुसतं नाव बदलत नाही. प्रत्येक अर्ध्या किलोमीटरला वास बदलतो, पाट्यांवरची आडनावं बदलतात, घरांची उंची बदलते.

सुरुवात सकाळी साडेसहाला जाळ्यांपाशी करा. एका जाळ्यावर चार-पाच माणसं लागतात. जमिनीकडच्या बाजूला दोरांना मोठमोठे दगड बांधलेले असतात. माणसं दोर ओढतात, दगड एकेक करून खाली उतरतात आणि पलीकडे पाण्यातून सगळं जाळं वर उचललं जातं. मोटर नाही की चाक नाही, नुसता तोल. मी एकदा तासभर उभा होतो, त्यात सात-आठ वेळा जाळं वर आलं आणि दरवेळी मूठ-दोन मुठीच मासे. तरी पुन्हा खाली. समोरच्या वैपीन बेटाच्या आणि आपल्या मधून अवाढव्य मालवाहू जहाज सरकत जातं तेव्हा ती जाळी अगदी काड्यांची वाटतात. असं मानतात की पेरियार नदीला १३४१ साली मोठा पूर आला, त्यात मुझिरिसचं जुनं बंदर गेलं आणि इथलं तोंड मोकळं झालं. त्या चिंचोळ्या पाण्यातून बोट जाताना बघितलं की अख्खं गाव इथेच का वसलं ते कळतं.

काल्वती रोडवर जुन्या व्यापारी वाड्यांचे मोठे आवार लागतात. ॲस्पिनवॉल हाउस, पेपर हाउस. २०१२ पासून भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनामुळे ही नावं आता सगळ्यांना माहीत झाली आहेत. पेपर हाउसच्या अंगणात बसायला जागा आहे, आईंना तिथे टेकू द्या. पुढे कालव्यावरचा पूल ओलांडला की बाजार रोड सुरू होतो आणि इथे मात्र घाई करू नका.

बाजार रोड म्हणजे वखारींची दुहेरी रांग. डाव्या हाताच्या वखारींची मागची दारं थेट पाण्यात उघडतात, कारण पूर्वी माल बोटीनेच यायचा. एखादं दार उघडं असेल तर अंधाऱ्या गोदामाच्या पार टोकाला चौकटीत पाणी चमकताना दिसतं. सुंठ, मिरी, तांदूळ, वेलची. सुंठेच्या पोत्यांपाशी नाकाला झोंबतं आणि चार पावलांवर तांदळाचा कोरडा, पिठूळ वास येतो. हमाल हातगाड्या ओढत असतात, त्यांना वाट द्या. आपण बघे आहोत, त्यांचं काम चालू आहे.

एक गोष्ट कुठे लिहिलेली सापडणार नाही म्हणून सांगतो. या रस्त्यावर पाणी पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी पाण्याकडच्या वखारींची सावली रस्त्यावर पडते. दहापर्यंत बहुतेक रस्ता सावलीतून चालता येतो. भर दुपारी सावली कुठेच नसते. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये बारा वाजता तिथून गेलो होतो. अर्ध्यात पाय लटपटायला लागले. एका वखारीतल्या माणसाने काही न विचारता पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मी उठेपर्यंत स्वतःचा हिशेब लिहीत शेजारी बसून राहिला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला नाही. जानेवारीत ऊन इतकं कडक नसतं, पण दमटपणा असतोच. आईंना घेऊन दहानंतर तिथे राहू नका.

राजवाडा आणि ज्यू टाउनबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल, म्हणून थोडक्यात. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून 'डच पॅलेस'. आतली रामायणाची भित्तिचित्रं हळूहळू बघा. पण वर जायला जिना आहे, तो आईंना आधी सांगा. सिनॅगॉग १५६८चं. आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या फरशा आहेत, त्यावरून अनवाणी चालायचं असतं. दोन फरशा अगदी एकसारख्या शोधून पाहा, माझ्या हाती तरी लागल्या नाहीत.

बहुतेक लोक इथून रिक्षा करून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. राजवाड्यापासून पंधराएक मिनिटांवर चेरलाई आहे.

चेरलाईबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. गल्ल्या अरुंद, घरं बैठी, आणि मध्ये तिरुमला देवस्वमचं मोठं देऊळ, त्याचं तळं. मी तळ्याच्या कडेला उभा होतो आणि मागून एका आजीबाईंचा आवाज आला, नातवाला हाका मारत होत्या. दोन वाक्यं ऐकली आणि मी वळून बघितलं, कारण मला ती समजली होती. कोकणी! पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे येऊन राहिली आणि इतक्या शतकांनंतर, चहूकडे मल्याळम असताना, घरात अजून कोकणी बोलतात. माझी आजी मालवणी बोलायची. मी तिच्याच बोलीत धीर करून दोन शब्द बोललो. आजीबाईंनी आधी नीट निरखून बघितलं, मग विचारलं, "तुमी खंयचे?" पुढचा अर्धा तास आम्ही पायरीवर बसून बोललो. काही शब्द तिचे मला कळले नाहीत, काही माझे तिला. 'पाणी' म्हणायला ती 'उदक' म्हणाली. माझी आजी तसंच म्हणायची, आणि तो शब्द मी जवळजवळ चाळीस वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकला.

म्हणून म्हणतो, कोची पायी करा. गाडीतून हा आवाज ऐकू आला नसता.

तिथून जवळ गुजराती रोड आहे, गुजराती कुटुंबांची वस्ती, जैनांचं देरासर म्हणजे देऊळ. एकाच सकाळी मल्याळम, कोकणी, गुजराती तिन्ही कानावर पडतात.

चालतीबोलती

गलबत काका, काय सुंदर लिहिलंत. चेरलाई आम्ही साफ हुकवलं, आता पुन्हा जावंच लागणार.

निळीशाई, मी बाबांना घेऊन गेले होते, काठीवाले बाबा. बोटीची चिंता वॉटर मेट्रोने मिटवली. २०२३ला सुरू झाली, फोर्ट कोचीचा धक्का त्यानंतर वर्षभराने. विजेवर चालणारी, वातानुकूलित बोट. मुख्य म्हणजे धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे बोटीच्या पातळीतच पाऊल टाकायचं. एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावरून बसा. साध्या सरकारी बोटीही आहेत आणि खूपच स्वस्त आहेत, पण त्यात काठावरून पाय टाकून चढावं लागतं. तुम्ही दोघी येताना वॉटर मेट्रो घ्या, आणि आईला जमेल असं वाटलं तर एखाद्या निवांत वेळी साधी बोट.

फोर्ट कोचीतल्या आतल्या गल्ल्याही सोडू नका. परेड ग्राउंडभोवती पर्जन्यवृक्ष इतके पसरलेत की अख्खा रस्ता सावलीत. प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, सेंट फ्रान्सिस चर्च, सगळं दहा-दहा मिनिटांच्या अंतरात. चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची शिळा अजून तिथे आहे. बाबा मात्र छताला टांगलेले जुने दोरीचे पंखे बघत राहिले होते.

निळीशाई

वाचून दाखवलं आईला. 'उदक' ऐकल्यावर ती एकदम गप्प झाली. तिची आई कारवारची, तीही उदकच म्हणायची. आता आई चेरलाईचंच विचारतेय!

एक अडचण. आम्ही गुरुवारी दुपारी बाराला पोचतोय आणि रविवारी संध्याकाळी निघतोय. कशाच्या सुट्ट्या मध्ये येतात का?

गलबत

बरं झालं विचारलंत. येतात. राजवाडा शुक्रवारी बंद. सिनॅगॉगसाठी शुक्रवार आणि शनिवार दोन्ही टाळा, आणि इतर दिवशीही ते दुपारी मध्ये बंद असतं, तीनला पुन्हा उघडतं. रविवारी बाजार रोडवर गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त वखारींना कुलपं होती.

म्हणून मी असं करेन. गुरुवारी सामान टाका, जेवा, आईंना तासभर पडू द्या आणि तीनला रिक्षाने थेट मट्टांचेरी. आधी सिनॅगॉग, मग राजवाडा, तोही पाचच्या आत. रिक्षात बसतानाच सांगा की मध्ये कुठल्याही दुकानात थांबायचं नाही.

शुक्रवारी फोर्ट कोचीतल्या गल्ल्या, आणि वेळी नावाच्या भागाकडे धोबीखाना. तमिळ वण्णन समाजाची माणसं तिथे अजून हाताने कपडे धुतात, कोळशाच्या जड इस्त्र्या फिरवतात. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून वारा येतो. तुम्ही म्हणालात ना, कोणाच्या अंगणात काय वाळतंय ते बघायचं, मग हे तुमच्यासाठीच. फोटोआधी विचारा.

शनिवार सकाळ बाजार रोडची. साडेसहाला जाळी, साडेसातला काल्वती, आठ ते साडेनऊ वखारी. तिथून चेरलाईपर्यंत चालत नेऊ नका, आईंचे पाय तेव्हा थकलेले असतील. रिक्षा करा आणि तळ्यापाशी उतरा. देवळात जायचं तर वेळा तिथेच विचारा, पण खरं सांगतो, आईंना तळ्याच्या पायरीवर नुसतं बसू द्या आणि तुम्ही जरा बाजूला व्हा. बोलणं आपोआप सुरू होईल.

रविवार मोकळा ठेवा. संध्याकाळी हायकोर्टला जाणारी वॉटर मेट्रो धरा आणि शक्य झालं तर खिडकीशी, डाव्या-उजव्या दोन्ही बाजू बघता येतील अशी जागा घ्या.

आईंच्या आजोळचा आणखी एखादा शब्द चेरलाईत ऐकू आला तर इथे नक्की लिहा. मी वहीत उतरवून घेईन.