मदत हवी आहे : पाच टीम, ४२ माणसं. 'सेफ' घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन टीमचा स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमचं काम अडू नये हे बघणारा. आंबा बागायतदार, पॅकहाऊस आणि निर्यातदार यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला सात जणांची एकच टीम होती. आता पाच आहेत, तीन इथे आणि दोन पुण्यात. सगळी मिळून ४२ माणसं. 'सेफ', म्हणजे स्केल्ड अजाइल फ्रेमवर्क (अनेक टीमचं काम एकत्र चालवायची ठरलेली पद्धत), लागू करायचं असं वर जवळपास ठरलंय. गणपतीआधी मला लेखी मत द्यायचंय आणि ते अजून होत नाहीये.

मूळ दुखणं सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये आवक नोंदवणाऱ्या टीमने पेटीऐवजी डझनात नोंद ठेवायला सुरुवात केली. कारण योग्यच होतं, पेटी कधी चार डझनांची असते, कधी सहाची. पण बिलाची टीम तोच आकडा पेट्या म्हणून वाचत राहिली. पावस गावच्या एका बागायतदारांनी पाच डझनी ४० पेट्या घातल्या, पावतीवर २०० आल्या. सकाळी सातला ते पावती घेऊन दारात उभे. जास्तीचे पैसे नकोत म्हणाले, पण उद्या कमी लागले तर मला कसं कळणार, असं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही टीमचे स्टँडअप, म्हणजे कामाच्या छोट्या बैठका, रोज होत होते, फक्त एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

सेफमधलं पीआय प्लॅनिंग (पीआय म्हणजे सगळ्या टीमनी मिळून आखलेला कामाचा टप्पा) इथे नक्की कामी आलं असतं. सगळ्या टीम दोन दिवस एकत्र बसतात, कोणाचं काम कोणावर अडतं ते बोर्डावर लाल दोऱ्याने जोडतात. आवक ते बिल हा दोरा तेव्हाच दिसला असता.

पण सेफची रिलीज ट्रेन, म्हणजे एकत्र काम आखणाऱ्या टीमचा गट, ५० ते १२५ माणसांची धरलेली आहे, आम्ही त्याच्या खाली. शिवाय रिलीज ट्रेन इंजिनिअर (हा गट चालवणारा), सिस्टिम आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची एकूण रचना बघणारा) वगैरे भूमिकांसाठी कोड लिहिणारी अनुभवी माणसं काढावी लागतील, आणि तशी माणसं इथे पटकन मिळत नाहीत. सगळ्यात जास्त काळजी हंगामाची. पीआय आठ ते बारा आठवड्यांचा, आमचा हंगाम मार्च ते मे, जेमतेम तेवढाच. अवकाळी पाऊस झाला की निर्यातदारांच्या मागण्या आठवड्यात बदलतात. मधे बदल करता येतो हे मान्य, पण वरिष्ठांसमोर एकदा कबूल केलेली उद्दिष्टं टीम सहजी सोडत नाही.

'लेस' (लार्ज स्केल स्क्रम) या दुसऱ्या पद्धतीबद्दलही वाचलं. एक प्रॉडक्ट, दोन ते आठ टीम, एकच बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), एकच प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी हे ठरवणारा). मापाने आमच्याच अंगाचं. फक्त त्यात आवक टीम, बिल टीम ही वाटणी मोडून प्रत्येक टीमने बागेपासून बिलापर्यंतचं काम उचलायचं असतं. आमच्याकडे बिलाचा कोड एकाच ताईंना पुरता कळतो, आणि पाचही प्रॉडक्ट ओनर आपली जागा सोडायला तयार नाहीत.

माझा कल असा : सेफ पूर्ण न घेता दोन दिवसांचं एकत्र प्लॅनिंग आणि तो दोऱ्यांचा बोर्ड घ्यायचा, पण हंगामात दर तीन आठवड्यांनी. हे असं तुकड्याने घेतलेलं टिकतं का? पन्नासच्या आत माणसं असताना कोणी सेफ चालवलंय का, आणि त्या जादा भूमिका कोणाला दिल्या? पुण्याच्या टीमला दर वेळी इथे आणावं, की व्हिडिओ कॉलवर भागतं? फेब्रुवारीत आवक सुरू व्हायच्या आत एक फेरी तरी करून बघायची आहे.